पोशाख गौण कसा?

बॅलेचा विषय निघाला आणि कुणी नर्तकीच्या झग्याबद्दल किंवा बुटांबद्दल काही विचारले, की जाणकार म्हणवणारा माणूस त्याला लगेच गप्प करतो. कपड्यांचे काय घेऊन बसलात, नाच बघा! रसग्रहणाच्या वर्गांत हे ऐकू येते, नृत्यावरच्या लेखांत वाचायला मिळते. विचारणारा बिचारा ओशाळतो, आपण काहीतरी उथळ बोललो असे त्याला वाटते. मला या वाक्याची मनापासून चीड आहे. ते कलेची बाजू घेतल्यासारखे वाटते आणि बॅलेच्या इतिहासातली सगळ्यात कष्टाची, सगळ्यात धाडसाची पाने एका फटक्यात पुसून टाकते.

या मताचे म्हणणे आधी पुरतेपणी मांडतो. नृत्य म्हणजे शरीराची हालचाल, आणि पोशाख म्हणजे तिच्यावर चढवलेले आवरण; शिंपी आणि कापडवाले ठरवतील तसे बदलणारे. अठराव्या शतकापासून बॅलेतले झगे आखूड होत गेले ते प्रेक्षागृहातल्या श्रीमंत पुरुषांच्या डोळ्यांसाठी. नर्तकींनी त्याला साथ दिली ती मिरवण्याच्या हौसेपायी, आणि त्याच हौसेपायी काही जणी रंगमंचावर जळून मेल्या. अखेर विसाव्या शतकात नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शीनने हे सगळे काढून टाकले, नर्तकांना सरावाच्या कपड्यांत उभे केले आणि बॅलेचे काहीही बिघडले नाही. म्हणजे पोशाख पहिल्यापासून गौणच होता.

ऐकायला चोख आहे. पण यातले एक तरी विधान पुराव्यासमोर टिकते का, ते पाहू.

पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक नर्तकी रंगमंचावर आल्या त्या १६८१ साली. तोवर तिथे स्त्रियांच्या भूमिका मुखवटे घालून पुरुषच करत. बायका आल्या त्या दरबारी पोशाखात आल्या. जमिनीला टेकणारा जड झगा, पुढे त्याच्या आत कमरेला फुगवटा देणारा सांगाडाही, आवळून बांधलेली चोळी, डोक्यावर भरगच्च केशरचना, पायांत टाचेचे बूट. पुरुष उड्या मारत, हवेत पाय आपटत, गिरक्या घेत, कारण त्यांचे पाय मोकळे होते. बाईने काय करायचे? डौलात चालायचे, वळायचे, हात हलवायचे. त्या काळचा स्त्रियांचा नाच नाजूक होता, असे आजही लिहिले जाते. तो नाजूक नव्हता, अडकवून ठेवलेला होता. फडावर लावणी करणाऱ्या बाईला कासोटा सोडून गोल साडीत नाचायला सांगून पाहा. कपडा आणि पदन्यास यांचा संबंध काय असतो ते ती एका वाक्यात सांगेल.

१७२६ मध्ये मारी कामार्गो पॅरिसच्या रंगमंचावर आली. जन्म ब्रसेल्सचा, वय सोळा. उडी मारून हवेतल्या हवेत दोन्ही पाय एकमेकांपुढून-मागून झरझर फिरवायचे, ही पुरुषांची मानली गेलेली करामत तिने हस्तगत केली. पण झगा जमिनीला टेकत असेल तर ती करामत दिसणार कुणाला? आणि पायांत टाचा असतील तर उडीवरून खाली उतरणार कसे? तिने झगा घोट्यावर घेतला. बुटांच्या टाचाही तिनेच काढल्या, असे परंपरा सांगते. निकोला लांक्रेने काढलेल्या तिच्या चित्रांत झग्याखालचे पाऊल स्पष्ट दिसते. त्या चार बोटे कापडावरून पॅरिसमध्ये वादंग झाला. हा वाद फॅशनचा होता असे म्हणणाऱ्यांनी सांगावे, की ते कापड वर गेले नसते तर स्त्रीच्या पावलांचे तंत्र पुढे सरकले असते का?

तिच्याच काळातली मारी साले तर आणखी पुढे गेली. तिला उड्यांत रस नव्हता, तिला चेहऱ्यातून आणि अंगातून कथा सांगायची होती. १७३४ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये तिने 'पिग्मॅलियन' केले. शिल्पकाराने घडवलेला पुतळा जिवंत होतो, ही ती कथा. पुतळ्याची भूमिका तिची. फुगवट्याचा सांगाडा नाही, दागिने नाहीत, केस मोकळे. अंगावर ग्रीक मूर्तीच्या वळणाने नेसलेली साधी मलमल. सांगाडा घातलेला पुतळा जिवंत होताना दाखवता येतोच कसा? छाती श्वासाने हलली पाहिजे, कंबर वळली पाहिजे. कामार्गोला पाय मोकळे हवे होते, सालेला धड. दोघींनी आपापल्या नाचाच्या गरजेनुसार कापडाला हात घातला, म्हणून एकाच दशकात दोन वेगळे पोशाख आले. व्होल्तेअरने या दोघींची तुलना करणारी कविता लिहिली. त्याला तरी त्या दोन वेगळ्या कलावंत दिसल्या.

सालेला याची किंमतही मोजावी लागली. १७३५ मध्ये हेंडेलच्या 'अल्चिना' या ऑपेरात तिने कामदेवाची भूमिका पुरुषी वेषात केली, तेव्हा लंडनच्या त्याच प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली. पोशाख गौण आहे म्हणणाऱ्यांना माझा हा पहिला सवाल आहे. गौण गोष्टीसाठी प्रेक्षक कलावंताला रंगमंचावरून हुसकतात कशाला? पुढे १९११ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये 'जिझेल'च्या वेळी वास्लाव निजिन्स्कीने अलेक्सांद्र बेन्वाने आखलेला आखूड अंगरखा आणि खाली नुसते घट्ट मोजे घातले. वरून घालायची रूढ चड्डी घातली नाही. त्या काळच्या सर्वांत मोठ्या नर्तकाला शाही रंगभूमीने तेवढ्यावरून बडतर्फ केले. सत्ताधाऱ्यांना पोशाखाचे मोल नेहमीच बरोबर कळत आले आहे. ते फक्त आपल्या समीक्षकांना कळत नाही.

सालेनंतरची जवळजवळ शंभर वर्षे मी भराभर ओलांडतो. १७६० मध्ये नृत्यरचनाकार नोव्हेअरने आपल्या पत्रांतून मुखवटे आणि सांगाडे यांच्यावर हल्ला चढवला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर टाचा गेल्या, पातळ ग्रीक झगे आणि अंगाला चिकटणारे विणलेले मोजे आले. थांबायचे आहे ते १८३२ पाशी.

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फीड' झाले. फिलिपो ताल्योनीने ते आपल्या मुलीसाठी, मारीसाठी, रचले होते. स्कॉटलंडमधला एक तरुण लग्नाच्या दिवशी वधूला सोडून एका वायुकन्येच्या मागे रानात धावतो. ही वायुकन्या जमिनीची नाही, तिला वजन नाही, हे प्रेक्षकांना पटायला हवे होते. मारीचे शरीर त्या काळच्या सौंदर्याच्या कल्पनांत बसणारे नव्हते. हात लांब, पाठीला किंचित बाक. बापाने तिच्याकडून रोज सहा-सहा तास मेहनत करून घेतली. एकेक पवित्रा घेऊन शंभर आकडे मोजेपर्यंत तसेच उभे राहायचे. त्या मेहनतीतून तिला अंगठ्याच्या टोकावर क्षणभर उभे राहणे साधले, आणि साधले ते कष्ट न दिसता. तिच्याआधी अमालिया ब्रुन्योलीसारख्या नर्तकी टोकावर चढत, पण वर जाताना हातांनी अंग ओढून घेतात हे मारी ताल्योनीच्या नजरेतून सुटले नव्हते.

आता हे दिसायला काय लागते? पावले दिसतील इतका, पोटरीपर्यंत येणारा झगा. हवेत फुगेल, उडीनंतर शरीर खाली आले तरी क्षणभर मागे रेंगाळेल असे हलके, विरळ विणीचे सुती कापड, थरावर थर. ते पांढरे हवे, कारण पॅरिस ऑपेरात १८२२ पासून गॅसचे दिवे आले होते, ते कमी-जास्त करता येत, आणि त्या मंद निळसर उजेडात पांढरे कापड चांदण्यासारखे दिसे. हा झगा योजण्याचे श्रेय यूजेन लामीला दिले जाते. उजेड, कापड आणि पाऊल या तिन्हींतून मिळून एक नाच जन्माला आला. यातले कापड बाजूला काढा आणि 'शुद्ध हालचाल' उरते का पाहा. उरते ती एक मुलगी, टाचा उचलून उभी.

तिचे बूट संग्रहालयांत जपलेले आहेत. ते आजच्या पॉइंट शूसारखे, म्हणजे टोकावर नाचण्यासाठीच्या टणक जोड्यांसारखे, नाहीत. सॅटिनचा मऊ, हातात धरला तर चुरगळेल असा जोडा. तळाला चामड्याची अरुंद पट्टी. टोकाला आणि दोन्ही कडांना सुई-दोऱ्याने घातलेले दाट रफू. शरीराचा सगळा भार ज्या टोकावर यायचा तिथे आधार म्हणून एवढेच. दोऱ्याचा एकेक टाका तोलासाठी, घसरू नये म्हणून घातलेला. हा जोडा पाहूनही ज्याला 'फॅशन' आठवते त्याला मेहनतीची खूणच ओळखता येत नाही.

पुढे इटालियन नर्तकींनी जोडा टणक करून घेतला. आज लंडनच्या फ्रीडसारख्या कारखान्यात कारागीर कागद, पुठ्ठा आणि गोणपाट यांचे थर पिठाच्या खळीने चिकटवून टोक घडवतात, जोडा उलटा शिवून सुलटा करतात, भट्टीत वाळवतात आणि तळाला स्वतःची खूण उमटवतात. नर्तकी वर्षानुवर्षे एकाच खुणेच्या कारागिराचे जोडे मागतात. घरी आणल्यावर तळवा वाकवून मोडायचा, टोक भिंतीवर आपटून आवाज मारायचा, फिती शिवायच्या, टोकाला पुन्हा रफू करायचे. १८९५ मध्ये पिएरिना लेन्यानीने 'स्वान लेक'मध्ये एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेतल्या त्या अशा टणक जोड्याच्या आणि आखूड झग्याच्या जोरावर. प्रत्येक गिरकीत दुसरा पाय चाबकासारखा बाहेर फेकावा लागतो. ताल्योनीच्या पोटरीएवढ्या झग्यात तो कापडातच गुरफटला असता.

पोशाख वरवरचा असता तर एका नाचाचा पोशाख दुसऱ्या नाचाला चालला असता. ही परीक्षा पॅरिसनेच घेऊन ठेवली आहे. १८३० साली ताल्योनीने 'ल द्यू ए ला बायादेर' या ऑपेरात भारतीय देवदासीची भूमिका केली, अर्थातच युरोपीय बॅलेच्या साजात. आठ वर्षांनी, १८३८ मध्ये, पुदुच्चेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या खऱ्या देवदासींचा मेळ पॅरिसला पोहोचला. त्यांतल्या अम्मानीवर कवी-समीक्षक तेओफिल गोतिए मोहून गेला, शिल्पकार बारने तिची मूर्ती घडवली. अनवाणी पावले, घोट्यांना घुंगरू, अंगावर दागिने. तिचा नाच गुडघे वाकवून जमिनीवर ताल देणारा; तिला पायाखाली भुई हवी, घुंगरांचा नाद हवा, तळवा उघडा हवा. ताल्योनीचा नाच जमीन सोडणारा; तिला आवाज नको, भार नको. अम्मानीला सॅटिनचे जोडे चढवा, ताल्योनीच्या पायांत घुंगरू बांधा. दोन्ही नाच जागच्या जागी मरतील. मग पोशाख वरून चढवलेला आहे, हे म्हणणे राहते कुठे?

आता या मताच्या सगळ्यात जोरकस मुद्द्याकडे येतो. झगे पुरुषांच्या नजरेसाठी आखूड झाले. नजर होती, हे मी नाकारत नाही. १८३१ मध्ये ऑपेराचा कारभार लुई व्हेरोंकडे आला आणि त्याने नर्तकींची तालमीची खोली वर्गणीदार पुरुषांना खुली केली. गरीब घरांतल्या मुली तिथे पाय ताणत, आणि पैसेवाले भोवती उभे राहत. जॉकी क्लब या श्रीमंत पुरुषांच्या क्लबची मंडळी जेवण उरकून उशिरा येत, म्हणून बॅले दुसऱ्या अंकात ठेवण्याची चाल पडली. १८६१ मध्ये वाग्नरने 'टान्हॉयझर'मध्ये तो पहिल्या अंकात ठेवला, तेव्हा त्यांनी शिट्ट्या मारून तो खेळच पाडला. १८७० च्या 'कोपेलिया'त नायकाची भूमिकाही युजेनी फिओक्र या बाईने घट्ट मोज्यांत केली, कारण त्या प्रेक्षकांना रंगमंचावर पुरुष नकोच होता.

एवढे मान्य. यापुढे नाही. पाहणारे ते होते म्हणून पोशाख घडवणारेही तेच ठरतात का? कामार्गोने झगा वर घेतला तेव्हा तिच्या डोक्यात पुरुषांच्या उड्या होत्या. ताल्योनीचा झगा तर तिच्याआधीच्या क्रांतिकाळातल्या झिरझिरीत, अंगाला चिकटणाऱ्या झग्यांपेक्षा कितीतरी घेरदार होता. झगा सतत आखूडच होत गेला, ही गोष्टच खोटी आहे. सेंट पीटर्सबर्गमध्ये व्हर्जिनिया झुक्कीने आखूड झग्याचा आग्रह धरला तो १८८५ साली. पंचवीस वर्षेही झाली नाहीत तोच नृत्यरचनाकार फोकीनने शोपँच्या संगीतावरच्या बॅलेत लांब झगा परत आणला, कारण त्याला ताल्योनीचा तरंगता नाच पुन्हा हवा होता. नाच बदलला की झगा वरही जातो आणि खालीही येतो. नजरेचा हिशेब लावणाऱ्यांकडे खाली आलेल्या झग्याचे काय उत्तर आहे?

आणि ही नजर वाईट होती असे म्हणत म्हणत हे लोक त्याच नजरेने पाहतात, हे मला जास्त खुपते. १८८१ साली चित्रकार देगाने मेणाची छोटी नर्तकी प्रदर्शनात ठेवली. तिच्या अंगात खरी चोळी होती, खरा झगा, पायांत खरे जोडे. मूर्तीसाठी उभी राहिलेली मुलगी, मारी व्हान गोएतेम, एका धोबिणीची लेक. समीक्षकांनी त्या मुलीला जनावराची उपमा दिली. ती मुलगी चौथ्या स्थितीत उभी आहे, पाय बाहेर वळवलेले, हनुवटी वर. तिची तालीम, तिचा थकवा त्यांना दिसला नाही. आज 'हे सगळे अंगप्रदर्शन होते' असे लिहिणाऱ्यालाही दिसत नाही. वर्गणीदाराने तिला माल समजून पाहिले, हा समीक्षक तिला बळी समजून पाहतो. कामगार म्हणून, कलावंत म्हणून तिच्याकडे पाहायला दोघेही तयार नाहीत.

यानंतरचे विधान सगळ्यात क्रूर आहे: नर्तकी मिरवण्याच्या हौसेपायी जळून मेल्या. हे ज्या मुलीला उद्देशून म्हटले जाते तिचे नाव एमा लिव्हरी. जन्म १८४२. सोळाव्या वर्षी 'ला सिल्फीड'मध्ये पहिल्यांदा उभी राहिली. तिची कीर्ती ऐकून, तेव्हा निवृत्त होऊन इटलीत राहणारी ताल्योनी पॅरिसला आली, तिला शिकवू लागली, आणि १८६० मध्ये तिच्यासाठी 'ल पापियों' रचले. ताल्योनीने अशा मोठ्या रंगमंचासाठी रचलेली ही एकमेव कृती, संगीत ऑफेनबाखचे. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी 'ला म्युएत द पोर्तिची' या ऑपेराची तालीम चालू होती. प्रवेशाची वाट पाहत बसलेली एमा उठताना आपला झगा झटकून सारखा करत होती. त्या हालचालीने कापड शेजारच्या उघड्या गॅसच्या ज्योतीला लागले. विरळ विणीचे सुती कापड, थरांमध्ये हवा. भडका व्हायला क्षणही लागला नाही. ती रंगमंचभर धावली, एका अग्निशामकाने तिला धरून आग विझवली, तोवर अंगावरच्या कॉर्सेटने मांसात घर केले होते. आठ महिने यातना सोसून २६ जुलै १८६३ रोजी ती गेली. वीस वर्षांची होती. तिच्या पोशाखाच्या जळक्या चिंध्या पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात ठेवलेल्या आहेत.

यावर दोष देणारे म्हणतात: तुरटीच्या द्रावणात बुडवून कापड न पेटणारे करण्याची, कार्तरों नावाच्या माणसाने काढलेली पद्धत उपलब्ध होती, १८५९ मध्ये तसा शाही हुकूमही निघाला होता, तिने नकार दिला, जबाबदारी स्वतःवर घेऊन तसे लिहून दिले. खरे आहे. असे झगे कुरूप दिसतात, असे ती अंथरुणाला खिळल्यावरही म्हणाली, असे सांगतात. मग झाला ना हौसेचा पुरावा?

नाही झाला. तुरटी लावलेले कापड ताठ होई, मळकट पिवळे पडे. ते फुगत नाही, तरंगत नाही, गॅसच्या उजेडात चांदणे होत नाही. एमाचे सगळे कौशल्य वजन नाहीसे करण्याचे होते. तिला तो झगा घालायला सांगणे म्हणजे तिचा नाच तिच्या हातून काढून घेणे होते. तिने नाकारले ते आपले काम बिघडू नये म्हणून. वादकाला कुणी सुरक्षित पण बेसूर तारा दिल्या आणि त्याने नाकारल्या, तर आपण त्याला हौशी म्हणतो का? आणि खरा प्रश्न तर वेगळाच आहे. हुकूम होता, मग एका वीस वर्षांच्याही नसलेल्या मुलीची सही घेऊन नाट्यगृहाला त्या हुकमातून सुटता कसे आले? चांदण्याचा देखावा हवा म्हणून विरळ सुताशेजारी हातभर अंतरावर उघड्या ज्योती कुणी लावल्या? त्यांच्यापुढे जाळ्या लावणे कुणाचे काम होते? तिकिटे विकली जात होती ती त्याच चांदण्यावर. धोका मालकाने उभा करायचा, जबाबदारी कामगाराकडून लिहून घ्यायची, आणि मेल्यावर त्याच्या स्वभावाकडे बोट दाखवायचे, ही रीत गिरण्यांच्या मुंबईला अनोळखी नाही.

शिवाय ती एकटी नव्हती. १८४४ च्या डिसेंबरात लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये क्लारा वेब्स्टरच्या झग्याने रंगमंचावर पेट घेतला, तीन दिवसांत ती वारली. १८६१ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियात गेल बहिणींसह किमान सहा नर्तकी एकाच रात्रीच्या आगीत दगावल्या. आणि त्याच वर्षी, कुठल्याही रंगमंचावर पाय न ठेवलेली, कवी लाँगफेलो यांची पत्नी फॅनी स्वतःच्या घरात झगा पेटून गेली. तिच्याबद्दल कुणी हौसेचा शब्द काढत नाही. तो नर्तकीसाठीच राखून ठेवलेला आहे. ज्या नाट्यगृहात एमा जळली ते ल पेलतिए नाट्यगृह १८७३ मध्ये आगीत पुरते खाक झाले. त्या रात्री दोष द्यायला तिथे कुठलीही हौशी मुलगी नव्हती.

राहिला बॅलन्शीन. 'द फोर टेम्परामेंट्स' १९४६ मध्ये आले तेव्हा कुर्त झेलिगमनचे अवजड पोशाख नर्तकांच्या अंगावर होते आणि त्यांत नाच दिसेना. १९५१ मध्ये बॅलन्शीनने ते टाकून सरावाचे कपडे दिले, आणि ती कृती विसाव्या शतकातल्या श्रेष्ठ बॅलेंत जाऊन बसली. हा पुरावा माझ्या बाजूचा आहे. पोशाख गौण असता तर झेलिगमनच्या कपड्यांतही नाच तसाच दिसला असता. कपडे बदलताच कृती बदलली, हे दाखवून बॅलन्शीनने पोशाखाचे वजन सिद्ध केले. आणि ते 'सरावाचे कपडे' म्हणजे पोशाख नाही असे कोण म्हणते? अंगाबरोबर ताणले जाणारे ते विणकाम एकोणिसाव्या शतकात कसरतपटू झूल लेओतारने झोक्यावरच्या कसरतींसाठी वापरात आणले. बॅलन्शीनच्या नाचात नितंबापासून अंगठ्यापर्यंत पायाची एक अखंड रेघ दिसावी लागते. ती दुसऱ्या कुठल्या कपड्यात दिसेल? ज्याने आयुष्यभर कारिन्स्कासारख्या पोशाखकर्तीला बरोबर घेतले, १९५० मध्ये तिच्याकडून बिनतारेचा, मऊ, नवा झगा शिवून घेतला, त्याला पोशाखाच्या विरोधात साक्षीदार म्हणून उभे करणे हा अडाणीपणा आहे.

पोशाखाकडे दुर्लक्ष करा, असे सांगणे कुणाला परवडते, हेही विचारले पाहिजे. बॅलेचे मोजे आणि जोडे गुलाबी असतात ते पाय आणि जोडा यांची एकच रेघ दिसावी म्हणून. म्हणजे गोऱ्या पायाची. १९६९ मध्ये आर्थर मिचेल आणि कारेल शूक यांनी डान्स थिएटर ऑफ हार्लेम उभे केले. सत्तरच्या दशकात तिथल्या कृष्णवर्णीय नर्तकी गुलाबी टाकून आपल्या त्वचेच्या रंगाचे मोजे आणि जोडे घालू लागल्या. ते रंग दुकानात नव्हते. मोजे घरी रंगवायचे, जोड्यांवर चेहऱ्याचा मेकअप थापायचा, जोडी बदलली की पुन्हा. फ्रीडने लंडनच्या बॅले ब्लॅक या मंडळीबरोबर गडद रंगांचे दोन पॉइंट शू बाजारात आणले ते २०१८ साली. कामार्गोने घोटा मोकळा केल्यावर जवळजवळ तीनशे वर्षांनी! इतकी वर्षे प्रत्येक प्रयोगाआधी स्पंज आणि मेकअपची बाटली घेऊन आपले जोडे रंगवत बसलेल्या नर्तकीसमोर उभे राहून म्हणा, कपड्यांचे काय घेऊन बसलात. आणि म्हणवत नसेल, तर आमच्या वर्गांत आणि लेखांतही म्हणू नका. बॅले शिकवायचा असेल तर कामार्गोच्या घोट्यापासून शिकवा, सालेच्या मलमलीपासून, ताल्योनीच्या रफूपासून, एमाच्या जळक्या चिंध्यांपासून. स्त्रियांनी हा नाच पायांनी जितका घडवला तितकाच कात्रीने आणि सुईने घडवला, आणि त्यातला अर्धा भाग कुणी गौण म्हणून वगळणार असेल तर मी तो वगळू देणार नाही.